दुपारचे आकडे

३ मार्च, धुळे

माझ्या नावावर एकवीस पेपर! मी लिहिलेत सात.

प्रोफेसरपदाच्या मुलाखतीसाठी माहिती भरायची म्हणून आज मेडिकल कॉलेजातल्या माझ्या विभागात बसून माझं प्रोफाइल उघडलं. जगात कुणी काय छापलं, कुणी कुणाचा दाखला दिला, याची मोजदाद ठेवणारी ती वेबसाइट. मी वर्ष वर्ष तिकडे फिरकत नाही. काय बघायचं? किशोरवयीन मुलींमधला रक्तक्षय, शिरपूर तालुका. किशोरवयीन मुलींमधला रक्तक्षय, साक्री तालुका. दाखले मोजायला हाताची बोटं पुरतात, आणि त्यातलेही दोन मीच माझ्या पुढच्या पेपरात दिलेले.

आज तिथे साडेचारशेच्या वर दाखले. वाटलं, चुकून भलत्याचंच पान उघडलं. पण नाव — मेघा एन. पाटील, धुळे. फोटोही माझाच, भूषणने लग्नानंतर तोरणमाळला काढलेला.

जास्तीचे सगळे पेपर उन्हावरचे. उष्माघात, जळगाव जिल्हा. लेखिका — मेघा एन. पाटील.

खानदेशात दगड भिरकावला तर पाटलालाच लागतो. मशीनने दोघींची एक केली असणार. एवढंच.

५ मार्च

ओस्तवाल सरांना सांगितलं. आमचे विभागप्रमुख. चष्मा वर करून स्क्रीन बघितला आणि हसायलाच लागले. "मॅडम, देव देतोय तर घ्या की! मुलाखत एप्रिलअखेर. तोवर हात लावू नका."

"सर, पण हे माझं नाही."

"तुम्ही म्हणालात का, माझं आहे? वेबसाइट म्हणतेय. मागच्या वेळी तुम्हाला कशावरून बाहेर ठेवलं, आठवतंय ना?"

आठवतंय. 'कामाचा प्रभाव नगण्य.' तीन शब्द. परतताना नाशिकपर्यंत बसमध्ये तोंड खिडकीकडे करून बसले होते.

मी 'बरं' म्हटलं नाही. 'नको'ही म्हटलं नाही.

९ मार्च, रविवार

भूषण त्याच्या आईकडे सोनगीरला गेलाय. मी वाचत बसले. तिचे पेपर.

काय लिहिते ही बाई! आम्ही लिहितो ते सरकारी भाकरीसारखं — मीठ नाही, करपलेलंही नाही. हिचं वेगळं. सगळे म्हणतात ऊन शेतात लागतं, ही म्हणते घरात लागतं. पत्र्याच्या एका खोलीत चूल पेटवून बसलेल्या बाईला लागतं. शेतातला माणूस बांधावर निंबाखाली जाऊन बसतो, ती कुठे जाईल? मग तिने घरोघर जाऊन तापमान मोजलंय. आधी सकाळ-संध्याकाळचं. शेवटच्या, सगळ्यात गाजलेल्या पेपरात दुपारचं — बारा ते चार, मे २०२२, महिनाभर रोज. एकट्या त्या पेपराला तीनशेवर दाखले. गुजरातेत एका संस्थेने तो वाचून गरीब वस्तीतले पत्रे पांढरे रंगवायला घेतलेत.

भाजी करपली. कळलंच नाही.

१० मार्च

आज तिसऱ्या वर्षाच्या लेक्चरमध्ये तिचं एक वाक्य माझ्या तोंडून गेलं. माझं म्हणूनच गेलं. पोरांनी लिहून घेतलं.

१५ मार्च

रोज ईमेल येते. 'अभिनंदन, आपल्या लेखाचा नवा दाखला.' परवा इराण. काल घाना. आज ब्राझील.

माझ्या पोरींच्या रक्ताचा दाखला एकदाही नाही.

आणि ही बाई आहे कुठे? शेवटचा पेपर २०२३ सालचा. त्यानंतर एक ओळ नाही. जिचं लोक रोज वाचतात ती स्वतः गप्प! नोकरी सोडली? परदेशी गेली? तिच्या जुन्या पत्त्यावर ईमेल टाकून बघितली — परत आली.

रात्रीपुरतं नाही, दिवसाढवळ्या वाटायला लागलंय की माझ्या मागे कुणीतरी उभं राहून वाचतंय.

२१ मार्च

आत्ताच घरी आले. लिहून टाकते.

धरणगाव तालुक्यात रक्ततपासणीचं शिबिर होतं. जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात टेबल टाकून बसलेलो. एक म्हातारी नातीला घेऊन आली. ताईबाई नाव. कागदावर नातीचं नाव लिहिता लिहिता तिने विचारलं, "बाई, तुन्हं नाव काय शे?"

"मेघा पाटील."

म्हातारी बघतच राहिली. मग नातीला मागे ओढलं. "नही ओ माय. मेघा पाटील ते गयी. उन लागीसन गयी. मन्हा घरमाच पडनी ती. मन्हा डोयासमोर."

मी म्हटलं, आजी, नाव एकच असतं, माणसं दोन. तिला पटेना. "पत्राखाल बठी ऱ्हाये दिनभर. म्हने, माय, तुम्ही कसं सहन करतस? आनि तीच गयी ना!" डोळ्यांना पदर लावला. जाताना मागे वळून माझ्या पायांकडे बघत होती. पायांकडे! मला उशिरा कळलं का ते.

जीपमध्ये शिबिराच्या नर्सबाई हसत होत्या — "मॅडम, तुम्हाला भूत बनवलं म्हातारीने." मीही हसले. एरंडोलपर्यंतच.

२२ मार्च

मेली. मेल्यावरही तिचे दाखले वाढताहेत. मी जिवंत आहे आणि मला कुणी विचारत नाही.

आणि ते सगळं आता माझ्या फोटोखाली जमा होतंय.

२३ मार्च

भूषण म्हणतो, "मेलेल्या माणसाचं काय जातं? राहू दे की महिनाभर." समजूतदारपणे म्हणाला. तेच जास्त लागलं.

१ एप्रिल

बेचाळीस अंश. धुळ्याच्या रस्त्यावर दुपारी कुत्रं नाही.

एक ईमेल आली, दाखल्याची नव्हे, माणसाची. ओडिशातल्या बोलांगीरहून कुणी डॉ. सुचित्रा पांडा. त्याही पत्र्याच्या घरांत दुपारचं तापमान मोजतात. तुमचा पेपर आम्हाला दिव्यासारखा आहे, असं सुरुवातीला. मग विचारलंय — पण आमच्या घरांत तापमान तुमच्यासारखं सरळ चढत नाही. कधी ढग येतात, कधी चूल विझते, कधी दार उघडं राहतं, आकडे उड्या मारतात. तुमचे इतके नितळ कसे? मूळ नोंदी पाठवाल का, आम्हाला शिकता येईल.

पत्राची सुरुवात — 'प्रिय मेघाजी.'

दोनदा उत्तर लिहायला घेतलं. पहिल्याच शब्दावर अडते. 'मी ती नाही' असं लिहायला काय लागतं? लिहिलं नाही.

४ एप्रिल

तिच्या चौदापैकी बहुतेक पेपरांवर दुसरं नाव एकच — तेजस नेहेते. जळगावात एका मेडिकल कॉलेजात शिकवतात. नंबर मिळवला, फोन लावला.

"नमस्कार सर, मी मेघा पाटील बोलतेय."

पलीकडे श्वास ऐकू येत होता. मग फोन बंद.

दहा-पंधरा मिनिटांनी त्यांचाच आला. "माफ करा. कोण मेघा पाटील?" मी सगळं सांगितलं. "रविवारी या," म्हणाले.

६ एप्रिल, रविवार

जळगावला जाऊन आले. एसटी पारोळ्याच्या किल्ल्याजवळून गेली तेव्हा मी झोपेत होते.

डॉ. नेहेते पन्नाशीचे. घरी एकटेच भेटले, पंखा पूर्ण वेगात. मी म्हटलं, त्या वारल्याचं धरणगावकडे कळलं, वाईट वाटलं.

"वारली? कुणी सांगितलं?"

जिवंत आहे!

मे २०२२. ताईबाईच्या पत्र्याच्या खोलीत दुपारी मोजमाप करत बसलेली असताना ती पडली. अंगातला ताप तापमापकाच्या टोकाला. गावातून उचलून जळगावला आणेपर्यंत शुद्ध गेलेली. बरेच दिवस व्हेंटिलेटर. गावातल्यांनी गाडीत घातलेलं शेवटचं बघितलं, म्हणून त्यांना मेलेली वाटते. वाचली. "पण वाचली म्हणजे काय — शरीर आहे. ओळखत नाही, बोलत नाही, ओरडते. पारोळ्याला भावाकडे असते. आमच्या न्यूरोच्या माणसाने तेव्हाच लिहून दिलंय, समज उरलेली नाही."

"तुम्ही जाता भेटायला?"

"गेलो होतो. सुरुवातीला." पंख्याकडे बघत राहिले. "मला बघवत नाही, मॅडम. मीच तिला म्हटलं होतं. पेपर परत आला होता — तो तपासणाऱ्या रिव्ह्यूअरचं म्हणणं, दुपारचे आकडे नाहीत तर हा दावा कशावर करता? मी म्हटलं, जा, दुपारचे घेऊन ये. ती गेली."

डोळ्यांतून पाणी आलं. खरं पाणी. मला त्यांची दया आली.

ओडिशाच्या बाईंचं सांगितलं, मूळ नोंदी मागताहेत. "हार्ड डिस्क गेली," म्हणाले पटकन. निघताना दारात म्हणाले, "ते प्रोफाइल राहू द्या तुमच्याकडे. तिच्या काय कामाचं? निदान नाव जिवंत माणसाजवळ राहील."

ओस्तवाल सर, भूषण, आता हे. सगळे मला देऊनच टाकताहेत.

१३ एप्रिल

पारोळा. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत घर. भाऊ भिकन पाटील, बाजार समितीत मापाडी. चांगला माणूस. घरातलं सगळं त्यांच्या बायकोवर, बेबाबाईवर. तीच न्हाऊ-खाऊ घालते, कूस बदलते, पाठीला पावडर लावते. आतल्या खोलीत सिमेंटचं छत, कूलर. "अक्काले पत्रा नको म्हनून ही खोली तिले दिन्ही," बेबाबाई म्हणाली. स्वतः दोघं पुढच्या पत्र्याखाली झोपतात.

मी म्हटलं, माझं नावही मेघा पाटील. ती कसनुशी हसली. "बसा. पन अक्काले काही समजस नही, ताई. तीन वरीस व्हई गयात. समदा डॉक्टर करी टाकात. वरडस नुसती. मंग झोपनी गोयी देनी पडस."

खाटेवर बाई. केस बारीक कापलेले. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. मान हलत होती, हात हवेत काहीतरी शोधल्यासारखे. डोळे माझ्यावर.

काय बोलावं कळेना. मोबाइल काढला आणि तिचा पहिला पेपर वाचायला लागले. इंग्रजीतच. बेबाबाई दारात उभी. पहिली दोन पानं झाली आणि मला जाणवलं — हात थांबलेत. खोलीत कूलरचा आवाज आणि माझा.

मग तिच्या तोंडून आवाज निघाला. लांबट, तुटका, दारू प्यालेल्या माणसाचा असतो तसा. मी घाबरून उठले. तिने पुन्हा केला, पुन्हा. बेबाबाई गोळी आणायला गेली. मी चप्पल घालून निघालेच.

बसमध्ये बसल्यावर तो आवाज कानात परत वाजला. सावकाश वाजवून बघितला.

कु—णी. वा—च—तं. का.

१४ एप्रिल

झोप नाही, जेवण नाही. एमबीबीएसला शिकलोय सगळे! उष्माघात लहान मेंदू जाळतो. लहान मेंदू म्हणजे तोल, हात, जीभ. बोलणं तुटतं, अक्षर अक्षर सुटं होतं. समज तिथे नसतेच. पहिले काही महिने तिला भ्रम असेल, तेव्हा कुणीतरी लिहून दिलं, 'समज नाही.' तो कागद तीन वर्षं चालतोय. ती बोलायला गेली की लोकांना ओरडणं वाटतं. मग गोळी. गोळीने जीभ आणखी जड.

तीन वर्षं आत बसून बोलतेय ती. आणि एक वाक्य संपेपर्यंत कुणी थांबलं नाही.

मी पण चप्पल घालून पळाले.

२० एप्रिल

परत गेले. खाटेशी बसले आणि म्हटलं, "मेघाताई, वाचतात. सगळीकडे वाचतात." आणि दाखल्यांची यादीच वाचून दाखवली. घाना. इराण. ब्राझील. बोलांगीर. एकेक नाव. प्रत्येक देशाला तिच्या घशातून एक घुसमटलेला आवाज. रडतेय की हसतेय, कळेना. दोन्ही.

मग तिने विचारलं, आणि या वेळी मी थांबले, शेवटच्या अक्षरापर्यंत. "तू... को—ण?"

"मेघा पाटील."

हसलीच! मान, हात, खाट, सगळंच हललं. बेबाबाई धावत आली, हातात गोळीचं पाकीट. मी म्हटलं, बेबाताई, अक्का हसताहेत. विनोद झाला म्हणून हसताहेत.

ती तशीच उभी. "तिले समजस?"

"सगळं. पहिल्यापासून."

बेबाबाई खाली बसली. भिंतीला टेकून. म्हणाली, "मन्हा कडेथीन काय काय बोलनं गयं व्हई तिन्हासमोर..." खाटेवरून तो हलता हात तिच्या खांद्यापर्यंत आला, चुकला, परत आला.

मी बाहेर जाऊन उभी राहिले.

२२ एप्रिल

पारोळ्यातल्या डॉक्टरांशी बोलून गोळी हळूहळू कमी करायची ठरली. भिकनभाऊंनी माझ्यासाठी कलिंगड कापून आणलं, बिया काढून.

आणि आज वेबसाइटला लिहून टाकलं — हे चौदा पेपर माझे नाहीत. वेगळे करा.

२८ एप्रिल

वेगळे झाले. माझे सात, दाखले नऊ. पान असं दिसतं जसं घरातून सामान हलवल्यावर भिंत.

ओस्तवाल सर म्हणाले, "मुलाखत परवा आणि आज हे? दोन दिवस थांबला असतात तर आकाश कोसळलं असतं का?" खरंच चिडले होते. माझ्यासाठीच चिडले होते, हे कळतं मला.

ओडिशाला कळवलं. मी ती मेघा नाही, पण ती आहे. तिला विचारून सांगते.

३० एप्रिल

मुलाखत दहा मिनिटांत संपली. घेतलं नाही.

वाटलं होतं त्यापेक्षा कमी दुखलं. नाही — खोटं कशाला लिहू? दुखलं. खूप.

११ मे

दर रविवारी पारोळा. गोळी अर्ध्यावर आली. शब्द अजून सुटेच, पण काठ दिसायला लागलाय. आमची पद्धत बसली: मेघाताई एक अक्षर म्हणतात, मी मोठ्याने परत म्हणते, बरोबर असेल तर 'हं.' एक वाक्य म्हणजे एक दुपार. बेबाबाई माझ्याआधी ओळखते आता, कित्येकदा भाकरी थापता थापता तिकडूनच शब्द टाकते. मागच्या रविवारी ताईंनी पहिल्यांदा स्वतःहून काही मागितलं — चहात साखर कमी. तीन वर्षं गोड चहा गिळला!

आज मी मोठ्या हौसेने त्यांचा गाजलेला पेपर वाचायला घेतला. दुपारचा. म्हटलं, हा तुम्ही छापून आलेला बघितलाच नसेल. तीनशेवर दाखले, ताई! पत्रे रंगवताहेत लोक!

पहिला तक्ता वाचला आणि त्यांनी हात आपटायला सुरुवात केली. खाटेच्या दांड्यावर. "ना—ना—ना—" रक्त आलं बोटातून. बेबाबाईने हात धरून ठेवला. मला वाटलं, ती खोली आठवली, ते ऊन आठवलं. मी किती मूर्ख! जिथे ती जळाली तिथलाच पाढा वाचत बसले.

बंद केलं. माफी मागितली. त्या माझ्याकडे बघत होत्या. राग होता डोळ्यांत. माझ्यावरचा वाटला.

१२ मे

डॉ. नेहेतेंना फोन केला. आनंदाची बातमी म्हणूनच केला. मेघाताईंना सगळं कळतं, त्या बोलताहेत!

"काय बोलली?"

असं विचारलं. 'खरंच?' नाही, 'कशी आहे?' नाही. काय बोलली.

१८ मे

नेहेते पारोळ्याला आले! मी कळवलं नव्हतं, स्वतःहून आले. हातात सफरचंदं. दाराच्या चौकटीत उभे, आत पाऊल टाकेनात. मेघाताईंनी बघितलं आणि असा आवाज काढला की गल्लीतली माणसं जमली. "ते—ज—स—" एवढं कळलं. पुढचं सगळं एकात एक. नेहेते पांढरे पडले. "बघितलं ना मॅडम? मी म्हटलं होतं. कळत नाही तिला. उगाच आशा लावू नका या लोकांना." पिशवी उंबऱ्यावर ठेवली आणि गेले.

बेबाबाई म्हणाली, "अक्कानी नाव बरोबर लिन्हं ना त्यासनं? मंग समजस नही कसं?"

१ जून

चव्वेचाळीस. पारोळ्याच्या रस्त्यावर डांबर चपलेला चिकटतं.

ताई दोन आठवडे एकच वाक्य म्हणताहेत. मध्येच दमतात, डोळे मिटतात, परत पहिल्यापासून. 'दुपार' कळलं. 'आकडे' कळलं. मी विचारलं — ओडिशाला पाठवायचे? हार्ड डिस्क गेली म्हणतात नेहेते सर. त्यांनी मान इतकी जोरात हलवली की उशी पडली.

मग काय, ताई? सांगा. मी कुठे जात नाही.

८ जून

वाक्य पूर्ण झालं.

दुपारचे आकडे माझे नाहीत. मी दुसऱ्याच दिवशी पडले.

मी कागदावर लिहिलं आणि कागदाकडे बघत बसले. मे महिना, रोज, बारा ते चार. मी तो पेपर कितीदा वाचला! ती मे लागताच पडली होती. मग बाकीचा महिना त्या खोलीत कोण बसलं होतं? कुणीच नाही. जळगावात पंख्याखाली बसून कुणीतरी नितळ, सरळ चढणारे आकडे भरले, तिचं नाव पहिलं घातलं, आणि तिला समज नाही हे सगळ्यांना सांगत राहिलं.

तीन वर्षं ती हेच ओरडत होती. हेच ऐकून तिला गोळी देत होते.

मी म्हटलं, "ताई, हा पेपर गेला तर सगळं जाईल. उरलेल्या तेरांकडेही लोक संशयाने बघतील. तुमचं नाव..."

त्यांनी श्वास घेतला. मी कागद-पेन सरसावून बसले, पहिल्या अक्षराची वाट बघत.

"मागे घे," त्या म्हणाल्या. एका दमात. एकही अक्षर तुटलं नाही.